दोन खांद्यांची नाव

परवा परभणीत रस्त्यावर गरम डांबराचा वास आला आणि मी थेट येलदरी धरणाच्या काठावर पोचलो. दर उन्हाळ्यात मी आणि दादा आमच्या मासेमारीच्या लाकडी नावेच्या बुडाला डांबर फासायचो. ती पाण्यात न्यायला दोघांचे खांदे लागायचे, म्हणून रात्री भांडलो तरी सकाळी सोबतच निघायचो.

"लय जड हाय रे," एकदा दादा म्हणाला. "थर्माकोलचा तराफा करू."

मला पटलं. नाव मीच फोडली.

दुसऱ्या सकाळी सवयीनं खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवून गेलो, तर दादा नव्या तराफ्यावर एकटाच पाण्यात. "ह्याच्यावर एकच माणूस बसतंय. तू जा घरी."

माझ्यासाठीही तराफा करील, म्हणून कितीतरी दिवस वाट पाहिली. खांद्यावरचा घट्टा अजून आहे. त्याच्याही असेल, बघायला गेलो नाही.