मायन्यापुरती जागा

भात कालवताना बोटाला शीत चिकटलं की मला निळं आंतर्देशीय पत्र आठवतं, कारण आमच्याकडे ते शितानंच चिकटवायचे. बाबांना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हा नागपूरला दिलेल्या ताईला त्यांची पत्रं मी लिहायचो. मायना आधी, हा त्यांचा नियम, "चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद" यातला एक शब्द गाळला तरी ते नवं पत्र घ्यायला लावायचे. मग एकाएकी मेहुणे गेले. तेरावा आटोपून आम्ही कसब्यात परतलो आणि दुसऱ्या दुपारी बाबा म्हणाले, "लिही." मी पत्र उलगडून मायन्यापाशी थांबलो. बाहेर तांबटांची ठोकाठोक चालली होती. "गंगाभागीरथी लिहू का?" मी विचारलं, विधवेला तसंच लिहायची रीत होती. "तुला लिहायला बसवलंय, रीत शिकवायला नाही," बाबा फाडकन म्हणाले, आणि मग हळू आवाजात, "वर जागा सोड. मजकूर घे." पत्र तसंच गेलं. मे महिन्यात ताई आली. जेवताना मला म्हणाली, "त्या पत्राला मायनाच नव्हता. विसरलास ना?" मी म्हणालो, "हो, विसरलो." एका शब्दासाठी पत्र बदलायला लावणारे बाबा मान खाली घालून ताटातलं एकेक शीत चाचपून टिपत राहिले. आता वाटतं, ताईलाही तेच उत्तर हवं होतं.