जुन्या वेगाचे बटण

यंत्र उघडण्यापूर्वी काकी खिडकीच्या गजाला हात लावीत. तुम्ही पाहिले असते, तर तुम्हालाही तो नमस्कारच वाटला असता. मी तसे विचारलेही.

"नमस्कार कसला, मास्तर? अंगातली वीज गजाला देते. चिपला झटका बसला तर मुकी व्हायची."

कळंब गावी काकींच्या पडवीत नादुरुस्त रेडिओ आणि भाताची पोती शेजारी शेजारी नांदत. लग्नापूर्वी त्यांनी मुंबईच्या एका रेडिओ कारखान्यात सोल्डरिंग केले होते. हात अजून तसाच स्थिर होता. लावणीच्या दिवसांत मात्र दुरुस्ती बंद. "चिखलाचा हात वायरला नाय लावायचा," असे त्या गिऱ्हाइकाला बांधावरूनच सांगत.

मी तेथल्या शाळेत गणित शिकवीत असे. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडे. ऐंशीचे दशक सरत आले असताना मी टीव्हीला जोडायचा एक जुना घरगुती संगणक घेतला आणि वर्षभर खपून, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून, त्याला देवनागरी अक्षरे शिकवली. शाळेच्या प्रदर्शनात येणाऱ्याचे नाव पडद्यावर उमटवून दाखवायचे ठरले. मुख्याध्यापकांनी बजावले, "एक दिवस देतो. लोक थांबले तर यंत्र शाळेत राहील. नाहीतर तुमचं तुम्ही घरी न्या."

अडचणी दोन होत्या. अक्षरे कॅसेटवरून आत यायला वीस मिनिटे लागत, आणि वीज गेली की पुन्हा वीस मिनिटे. शिवाय एक नाव उमटायला दहा-बारा सेकंद जात.

"तेवढ्यात काय बिघडतंय?" काकींनी विचारले.

"तेवढा वेळ मी लोकांशी काय बोलू?"

काकी पोट धरून हसल्या. पण पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारातून चौपट वेगाची चिप, तिला वेगाचा ठोका देणारा क्रिस्टल आणि कॅसेटऐवजी अक्षरे झटपट आत घेणारा एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन आल्या. सगळे बसवले. पडदा काळाच राहिला. माझे तोंड उतरले. काकींनी गजाला हात लावला, चिप उपसली आणि भिंगातून पाहिली.

"पाय मुडपलाय बिचारीचा."

मग त्यांनी फळीवरचा काटे काढायचा चिमटा घेतला. घरातल्या सगळ्या तळपायांचे काटे त्याने निघाले होते. त्याच चिमट्याने त्यांनी तो केसाएवढा पाय सरळ केला, आणि पडदा उजळला.

जुना क्रिस्टल मी टाकून द्यायला निघालो, तर त्यांनी हात धरला. "काम करतंय त्याला टाकायचं नाय." त्यांनी तोही जागेवर ठेवला आणि यंत्राच्या पाठीला एक छोटे बटण बसवले: पुढे केले की नवा वेग, मागे केले की जुना.

प्रदर्शनाच्या दिवशी ठाकरवाडीचे एक आजोबा पहिले आले. मी नाव टंकले. 'चांगू' फटकन उमटले. आजोबा नाराज झाले.

"आदीच लिवून ठेवलंय. दारात पोरांनी नाव इचारलं, तवाच!"

मागचे लोक हसले आणि भेळेकडे वळू लागले. मुख्याध्यापक घड्याळ पाहत होते.

काकी टेबलामागे गेल्या, बटण मागे केले आणि म्हणाल्या, "आता लिवा, मास्तर."

'च'ची आडवी रेघ सरकली. पोट वळले. दांडी उतरली. आजोबा खाली वाकले. काना झाला, 'ग' झाला, उकार झाला.

"टिंब ऱ्हायलं!" मागून कोणी ओरडले.

"टिंब! टिंब!" सारा वर्ग ओरडू लागला. टिंब मी शेवटी ठेवले होते. ते पडले आणि टाळ्या कडाडल्या.

"माज्यासमोर लिवलान रं!" आजोबा प्रत्येकाला सांगत सुटले. ओळ फाटकापर्यंत गेली. मला काहीच बोलावे लागले नाही; तरी दुपारपर्यंत मीच "या, पुढे या" म्हणून हाका मारीत होतो. यंत्र शाळेत राहिले.

संध्याकाळी मी म्हणालो, "काकी, आता तुमचं नाव."

"माजं ऱ्हाऊ द्या. रांग बगा केवढी हाय."

ते राहिले ते राहिलेच. पुढे काकी वारल्या त्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, मी गजाला हात लावून यंत्र सुरू केले. बटण मागे केले आणि त्यांचे नाव लिहिले. शेवटची रेघ पुरी होईपर्यंत मी उभा होतो.

ते नाव येथे देत नाही. छापले, तर तुम्ही एका क्षणात वाचून पुढे जाल.