अप्पांचा नकाशा

अप्पांची नजर अधू झाली होती, हे मला ठाऊक होतं; त्यांना नव्हतं. माझे वडील जन्मभर ड्राफ्ट्समन. निवृत्तीनंतर माझ्या छोट्या ऑफिसात बसून ते घरांचे नकाशे काढत. ते जेवायला गेले की मी त्यांच्या चुका ब्लेडने हळूच खरवडून दुरुस्त करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोन वर्षं गप्प राहिले.

अशात आमच्याच तंजावूरच्या एका हॉटेलात इंजिनियर मंडळींचं अधिवेशन भरलं. बांधायच्या आधीच अख्खी इमारत संगणकात उभी करायची, भिंती, तुळया, जिने, पाइपांसकट, ही नवी विद्या चेन्नईहून आलेला एक तरुण शिकवणार होता. सरावाला आपापला नकाशा आणायचा होता. मला मिरवायची भारी हौस. अप्पांनी आदल्या दिवशीच पुरा केलेला जवळच्या पापनाशम गावातल्या एका घराचा नकाशा मी न तपासता उचलला, आणि अप्पांनाही शेजारी नेऊन बसवलं.

शिकताना मजा येत होती, खोटं कशाला बोलू? भिंत एकदा घातली की प्लॅनमध्येही दिसे, सेक्शनमध्ये म्हणजे उभ्या छेदातही. मी अप्पांची मापं भराभर भरत गेले. मग त्या तरुणाने एक बटण दाबलं. दोन वस्तू एकमेकींच्या आड आल्या तर ती जागा लाल होते, म्हणाला. आमचा जिना लाल झाला. तुळई थेट चढणाऱ्याच्या कपाळावर येत होती.

"या घरात वाकूनच राहायचं," त्याने सगळ्यांना पडद्यावर दाखवलं. हॉल हसला. चूक माझी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर अप्पा उभे राहिले होते. नकाशा माझा आहे, असं तमिळमध्ये सांगून ते खाली बसले.

परतताना अप्पा मोपेडवर माझ्या मागे बसले होते. राजवाड्यापाशी त्यांनी विचारलं, "ही पहिलीच चूक कां, गे?"

मला खोटं बोलवेना. मान आपोआप नकारार्थी हलली. मी मोपेड कडेला घेतली.

त्यानंतर अप्पा नकाशाच्या टेबलाशी कधीच बसले नाहीत. पण मला अजून रडवतं ते त्या दिवशी मोपेडवरून उतरून उभं राहिल्यावरचं त्यांचं बोलणं.

"ह्या वयांतही माझी एकही चूक साइटवरून परत आली नाही, म्हणून मी गल्लीभर सांगत हिंडलों. तूं शेजारी उभी राहून ऐकत होतीस."