बोलावल्याशिवाय आलेले

ईमेलमधला कचरा ओळखायचे नियम रुमेनाताई लिहिते. रुसे शहरातल्या एका छोट्या कंपनीत ती बल्गेरियन मेल सांभाळते. मी तिच्याच शेजारच्या टेबलावर काम करते, पण शिकले साहित्य. यंत्राला माणसांच्या बोलण्याची तऱ्हा शिकवता येते, हे मला अजून खरं वाटत नाही.

गेल्या वर्षी तिने जर्मन मेलसाठीचा एक नियम आमच्या बल्गेरियन मेललाही लावला. एकच मजकूर, शेकडो लोकांना, वर शुभेच्छांचा पूर: थेट कचऱ्यात. साहेब खूश झाले.

मग ऑक्टोबरात पेत्को नावाच्या सगळ्यांचा सण आला; आमच्याकडे वाढदिवसासारखाच नावाचाही सण असतो. ताईचे वडील पेत्कोकाका डॅन्यूब नदीवरच्या बोटीवरून नुकतेच निवृत्त झाले होते. आम्ही केक घेऊन गेलो, तर ते मांडलेल्या ताटल्या परत कपाटात ठेवत होते.

"हे काय, बाबा?"

"कोण येणार जेवायला? सकाळपासून मेल बघतोय. एकाचीही नाही. माणूस बोटीवरून उतरला की संपला!"

ताईचा चेहरा पडला. तिने त्यांच्या मेलमधली कचऱ्याची पेटी उघडली. विदिनपासून सिलिस्त्रापर्यंतचे नदीकाठचे दोस्त तिथे पडले होते. एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी जसंच्या तसं सगळ्या पेत्कोंना धाडलेलं, दरवर्षीसारखं: 'पिंप भरलेलं राहो, गुडघे शाबूत राहोत.'

काका वाचत राहिले. मग म्हणाले, "इथे कुणी फेकलं यांना?"

"मी. न मागता आलेलं अडवायचं, हेच माझं काम."

"अगं वेडे, नावाच्या सणाला आमंत्रण कोण देतं? न बोलावता येतात तेच आपले!"

तेवढ्यात दार बडवलं गेलं. बाहेर राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, बाटल्या घेतलेले खलाशी.

"जिवंत आहेस होय रे, म्हाताऱ्या? उत्तर द्यायला काय होतं?"

"पोरीने तुम्हाला कचऱ्यात टाकलं होतं," काका ओरडले.

"पोरगी हुशार आहे! राकियाला पेले आण."

ताटल्या पुन्हा टेबलावर आल्या. भरल्या मिरच्या कमी पडल्या.

ताईने नियम बदलला. ज्याच्या नावाचा सण, त्याला आलेल्या शुभेच्छा त्या दिवशी आत सोडायच्या, कितीही जणांना गेलेल्या असोत.

यंदा काकांना सकाळीच मेल आली: 'प्रिय पेत्को, सणाच्या शुभेच्छा! आपण मोटार जिंकली आहे.' ताईने कपाळावर हात मारला.

"राहू दे त्याला," काका म्हणाले. "सणाला आलाय. बसू दे. राकिया मात्र द्यायची नाही."