ताईच्या माडाचे नऊ नारळ

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. नवरा तर लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यापासून म्हणायला लागला होता. बाई कधी एका जागी टेकायचीच नाही. चहा उभ्यानं, जेवण अर्धं उभ्यानं, आणि फोनवर बोलताना घराच्या तिन्ही खोल्यांतून इतक्या फेऱ्या की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. नवरा शिंपी, दिवसभर मशीनसमोर ठाण मांडून बसणारा. "आपल्या दोघांचं मिळून एक बरं माणूस झालं असतं," असं तो म्हणायचा, पण त्याचं वाक्य संपेपर्यंत ती शेजारच्या खोलीत पोचलेली असायची.

आता अशा बाईनं नोकरी कुठे धरावी? पत्रं वाटायची, गाड्यांची तिकिटं फाडायची, जगात पळापळीची कामं काय कमी आहेत? पण ही चिकटली नारळ संशोधन केंद्रात. नारळाइतकं सावकाश काम दुसरं नसेल. फुलोऱ्यावर संकर केला की फळ पिकायला वर्ष जातं. ते वाळूच्या वाफ्यात पुरलं की कोंब यायला तीन-चार महिने, तेही त्याच्या मर्जीनं. रोप लावल्यावर पहिला नारळ दिसायला आणखी पाच-सहा वर्षं, आणि मग कुठे कळणार की केलेलं काम बरोबर होतं की सगळी मेहनत पाण्यात गेली. मोठ्या बाई म्हणायच्या, "या धंद्यात एका माणसाला आयुष्यात दोन-तीनच प्रश्न विचारता येतात. तेव्हा जपून विचारावेत."

मोठ्या बाई म्हणजे केंद्रातल्या मुख्य शास्त्रज्ञ. त्यांच्या ताब्यात एक मोठी बाग होती, कुठल्या कुठल्या किनाऱ्यांवरून आणलेल्या जातींची. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला पत्र्याचा आकडा ठोकलेला. गव्हाचा दाणा वाळवून डब्यात ठेवता येतो, वर्षानुवर्षं टिकतो. नारळ वाळवला की मेला. त्यामुळे त्याचं बियाणं जपायचं तर झाडच उभं ठेवावं लागतं, ऊन-वारा-रोगराई सोसत. एखादी जात शेवटच्या झाडापर्यंत आली आणि ते झाड पडलं, की विषय संपला. मोठ्या बाई हे सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज जराही चढायचा नाही, भिंगरी मात्र लगेच खिडकीशी जाऊन बागेतली झाडं मोजायला लागायची.

भिंगरीचं काम संकराचं होतं. ठेंगू जातीचं झाड आई म्हणून घ्यायचं, कारण ते लवकर फळतं आणि शिडी लावून हाताशी येतं. त्याचा फुलोरा उमलला की त्यातली नर फुलं एकूण एक कापून टाकायची, नाहीतर ते झाड स्वतःच्याच परागांनी फळून मोकळं होतं. मग उरलेल्या मादी फुलांवर कापडाची पिशवी चढवायची आणि तोंड घट्ट आवळायचं. उंच जातीच्या झाडाचे पराग आणायचे, वाळवायचे, चाळायचे, तोंडाला लावायच्या पावडरीसारख्या शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळायचे आणि पिशवीच्या छोट्या खिडकीतून रबरी फुग्यानं रोज सकाळी फुंकायचे. शेवटचं मादी फूल सुकेपर्यंत पिशवी काढायची नाही. हे शेवटचं वाक्य मोठ्या बाईंनी तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की ती त्यांची नक्कल करून दाखवायची.

आता यात ताईचा माड कसा आला ते सांगायला हवं.

ताई म्हणजे भिंगरीची थोरली बहीण. बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहायची, एकटीच. भावजी गेले होते, मुलगा ट्रक चालवायचा आणि बाहेरच असायचा. ताईच्या घरामागे नारळाची बाग होती. मग त्या भागात रोग आला. आधी खालच्या झावळ्या पिवळ्या पडायच्या, मग कोवळी फळं गळायची, शेवटी शेंडाच गळून पडायचा आणि नुसते खांब उरायचे. एका वर्षात ताईची बाग खांबांची झाली. फक्त विहिरीजवळचा एक उंच माड हिरवागार राहिला. भोवताली सगळे मेले, याला ताप नाही की खोकला नाही.

भिंगरी तेव्हा बऱ्याच काळानं ताईकडे गेली होती. खरं सांगायचं तर सात-आठ वर्षांनी. लग्नकार्यात भेट व्हायची तेवढीच. ते झाड बघितलं आणि हिचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत आकाशपाताळ एक केलं, आणि त्या आठवड्यात त्यांना बसमध्ये बसवून घेऊनच आली. मोठ्या बाईंनी माडाभोवती तीन चकरा मारल्या, खोडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नशीबही असू शकतं. अंगातली ताकदही असू शकते. पोरं झाल्याशिवाय कळायचं नाही."

झालं, भिंगरीला तेवढं पुरलं. मग तिचे रविवार ताईकडे जायला लागले. माडावर चढणारा गडी नर फुलं तोडून खाली सोडायचा, भिंगरी ती कागदी पुड्यांत भरून, पुड्या थंड डब्यात घालून संध्याकाळच्या गाडीनं परत. पहिल्या वर्षी पराग दमट झाले. दुसऱ्या वर्षी धरलेली फळं सुपारीएवढी होऊन गळली. तिसऱ्या वर्षी एका ठेंगू झाडावर घोस धरला. ताई प्रत्येक वेळी जेवायला वाढायची आणि विचारायची, "काय गं, जमेल ना?" आणि भिंगरी तोंडात घास असतानाच सांगायची, "जमणार म्हणजे काय! आपल्याच माडाची रोपं आपल्याच बागेत लावू. तू फक्त थांब. जमीन मोकळी ठेव."

ताईनं ठेवली. मुलगा मागे लागला होता की सपाट करून ट्रक उभे करायला दे, भाडं येईल, चार माणसांची ये-जा राहील. ताई म्हणायची, "मावशीला विचारून सांगते."

तिसऱ्या वर्षीच्या त्या फुलोऱ्यावर पिशवी असतानाच ताईचा फोन आला. वीज पडली. विहिरीजवळचा माड शेंड्यापासून चिरला.

भिंगरीनं फोन ठेवला आणि सरळ शिडी उचलली. पिशवी काढायला आणखी दोन दिवस होते. टोकाकडची काही फुलं अजून ओलसर होती, तिला दिसत होती. पिशवी तशीच ठेवून गेली असती, परत येऊन एक दिवस उशिरा काढली असती, तर काहीएक बिघडलं नसतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण काम अर्धं सोडून बसमध्ये बसायचं म्हणजे तिच्या जिवाला नुसता घोर. आणि दुसऱ्या कुणावर सोपवायचं तर तिचा सावलीवरही विश्वास नाही. "वारा पडलाय, काय होतंय," असं स्वतःलाच मोठ्यानं सांगून तिनं गाठ सोडली, पिशवी झटकून घडी घातली आणि बस गाठली.

विजेनं मारलेला माड बघून ती ताईच्या गळ्यात पडून रडली. परत आली ती थेट मोठ्या बाईंच्या टेबलासमोर. "पिशवी मी आधी काढली," म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "किती फुलं ओली होती?"

"चार-पाच. जास्तही असतील."

"आणि शेजारी सगळी ठेंगूच झाडं. रस्त्याकडेला आपले उंच माडही आहेत." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "त्या माडाचे दुसरे पराग आता मिळणार नाहीत, हे तुला माहीतच आहे."

तिथून पुढचं वर्ष भिंगरीनं कसं काढलं ते नवऱ्याला विचारावं. ती झोपेतसुद्धा कूस बदलून बदलून चादरीचा बोळा करायची. रोज त्या घोसाखाली जाऊन उभी राहायची, जणू तिच्या बघण्यानं नारळ लवकर पिकणार होते. ताईकडे जाणं मात्र हळूहळू थांबलं. माडच नाही तर जाऊन करायचं काय? शिवाय जायचं तरी कुठल्या तोंडानं? ताईचे फोन यायचे. "झाले का गं तयार?" मग, "कोंब आले का?" आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, "मुलगा विचारतोय. थांबू ना?"

"थांब गं जरा!" भिंगरी खेकसायची. जिला स्वतःला दूध तापेपर्यंत दम निघत नव्हता, ती दुसऱ्याला थांब म्हणून सांगत होती. फोन ठेवला की तिचा तिलाच संताप यायचा.

घोसातून नऊ नारळ उतरले. नऊच्या नऊ वाळूत पुरले. दोन उगवलेच नाहीत. बाकीचे एकेक करून कोंब काढायला लागले, आणि इथे नारळ पहिल्यांदा खरं बोलतो. आई नारिंगी जातीची होती. कोंबाचा देठ नारिंगी निघाला, तर बापही ठेंगूच, म्हणजे शेजारचे पराग घुसले. देठ तपकिरी निघाला, तर बाप उंच. भिंगरी रोज सकाळी वाफ्यापुढे गुडघे टेकायची. पहिला नारिंगी. दुसरा नारिंगी. तिसरा तपकिरी निघाला तेव्हा ती ओरडली, माळी धावत आला. शेवटी चार नारिंगी आणि तीन तपकिरी. नारिंगी रोपं उपटून टाकायची असतात, तो तिथला नियम. ती तिनं स्वतःच्या हातानं उपटली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पण तपकिरी म्हणजे उंच बाप एवढंच कळलं. तो बाप ताईच्या विहिरीजवळचा की केंद्राच्या रस्त्याकडेचा, ते देठ सांगत नाही. ताईच्या माडाची वाळवलेली पानं मोठ्या बाईंनी आधीच जपून ठेवली होती. तिन्ही रोपांच्या पानांचे तुकडे त्यांच्याशी ताडून बघायला प्रयोगशाळेत गेले. पुढचे काही आठवडे भिंगरी प्रयोगशाळेच्या दाराशी इतक्यांदा गेली की तिथल्या मुलीनं दाराला आतून कडी लावली.

निकाल आला. दोन रोपं रस्त्याकडेची. एक ताईच्या माडाचं.

"एक!" भिंगरी म्हणाली. तिला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

"एक म्हणजे शून्य नव्हे," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि मग गाडीची वेळ सांगावी तशा सांगू लागल्या. हे रोप वाढवायचं. फळाला आलं की त्याची पोरं करायची. ती रोगाच्या भागात लावून बघायची. टिकली तर पुढची पिढी. त्यानंतर लोकांना रोपं.

"ताईला कधी मिळतील?"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं. "ताईंचं वय काय?"

"साठीच्या पुढे."

मोठ्या बाईंनी बोटांवर वर्षं मोजायला घेतली आणि दुसऱ्या हातावर गेल्यावर सोडून दिली.

रविवारी भिंगरी बसमध्ये बसली. बसली म्हणजे काय, अर्धा रस्ता दांड्याला धरून उभीच होती, जागा रिकामी असूनसुद्धा. काय बोलायचं ते तिनं मनात दहादा जुळवलं आणि ताईच्या दारात चप्पल काढता काढताच सगळं ओतून मोकळी झाली. पिशवी आधी काढली ते, चार उपटली ते, एकच खरं निघालं ते, आणि तेही तुझ्या बागेत कधीच येणार नाही ते. "मी तुला इतकी वर्षं उगाच ताटकळत ठेवलं. देऊन टाक जमीन. ट्रक उभे राहू देत. आता माझ्यासाठी थांबू नकोस, ताई."

ताई पाणी घेऊन आली. तांब्या तिच्या हातात दिला. तिच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, रागही नव्हता, नुसता थकवा होता.

"रोपांसाठी कोण थांबलं होतं?" ती म्हणाली. "मला का कळत नाही, या वयात माड लावून मी कुठे नारळ खाणार होते ते?"

"मग जमीन का अडवून ठेवलीस? तो बिचारा किती मागे लागला होता!"

"जमीन दिली असती तर तू कशाला आली असतीस?" ताई म्हणाली. "सात-आठ वर्षं तू फिरकली नव्हतीस. मग माड दिसला आणि येऊ लागलीस. पुड्या भरायला का होईना, येत होतीस. माड जळाला, तेव्हा मला वाटलं, निदान रोपांचं तरी निमित्त राहू दे."

भिंगरीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. फोनवरचा प्रत्येक 'थांबू ना?' तिला एकदम ऐकू यायला लागला, आणि त्या प्रत्येकावर आपण कसे खेकसलो तेही. हातातला तांब्या घेऊन ती उंबऱ्यातच खाली बसली.

"आता माडही नाही, जमीनही जाईल," ताई म्हणाली. "आता येशील का गं?"

"येईन की! हे काय विचारणं झालं?" भिंगरी म्हणाली.

पण हे म्हणताना तिचं लक्ष दारात काढलेल्या चपलांकडे गेलं होतं. उत्तर खरं आहे की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, आणि समोर बसलेल्या ताईला ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.