परत न दिलेलं हाड

खुब्याचं हाड रुग्णाच्या अंगाबाहेर आलं की माझी धावपळ सुरू होते. त्यातल्या पेशी जिवंत असतानाच नागपूरची प्रयोगशाळा गाठायची. तिथं हाडाचा बारीक चुरा करायचा, औषधात विरघळवून पेशी सुट्या करायच्या आणि एकेका पेशीत त्या घडीला कोणती जनुकं चालू होती ते वाचायचं. सिकलसेलच्या रुग्णांचं हे हाड ऐन तरुणपणी का मरतं, ते त्यातून कळेल अशी आशा. या आशेपायी गोंदिया-नागपूर रस्ता इतका घासलाय की आता माझीच कंबर कुरकुरते.

दरेकसाच्या एका सिकलसेल झालेल्या मुलीचं खुबा बदलायचं ऑपरेशन गोंदियात ठरलं. विशी ओलांडलेली, पण काठीशिवाय चालता येत नव्हतं. आदल्या दिवशी हाड संशोधनाला देण्याचं संमतीपत्र घेऊन मी दवाखान्यात गेले तेव्हा सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मुलीनं सही केली. आईनं मात्र विचारलं, काढलेलं हाड वापस भेटंल का? घरामागे पोरीची नाळ पुरलेली होती. तिला हाडही तिथंच पुरायचं होतं. अंगातलं काही परक्या जागी टाकू नये, असं तिचं म्हणणं. नमुना परत मिळणार नाही, हे कागदाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवा, समजावत बसा, आणि एवढं करून नाही म्हणाल्या तर पुढच्या रुग्णाची वाट बघा. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. मी ‘होव’ म्हणाले आणि मोकळी झाले.

ऑपरेशन छान झालं. हाड थंड द्रावणात, बाटली बर्फाच्या डब्यात आणि डबा माझ्या मांडीवर. सडक अर्जुनीजवळ एक ट्रक आडवा झालेला. दुपार तिथंच गेली. बर्फाचं पाणी होत होतं आणि मी झाकण उघडून पुन्हापुन्हा तेच बघत होते.

नागपुरात चुरा केला, विरघळवला, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पीत नाही. जिथं बघावं तिथं निळं. वाचण्याजोगं काही नव्हतं. उरलेला गाळ नियमाप्रमाणे जाळायला गेला.

काही दिवसांनी आईचा फोन आला, कधी आणता म्हणून. फोनवर सांगायची लाज वाटली. पॅसेंजर धरून दरेकसाला गेले.

मुलगी वॉकर धरून अंगणात चालत होती. मला बघून हसली. आईनं मला सरळ घरामागे नेलं. तिथं वीतभर खड्डा खणून, शेणानं सारवून ठेवलेला होता. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मी सगळं सांगितलं. ते हाड पहिल्यापासूनच परत मिळणार नव्हतं, हेही सांगितलं.

तिनं आवाज चढवला नाही. “मंग होव कायले म्हनलं?”

“थकून गेली होती मी.” मी म्हणाले.

“मीबी थकलीच होती, बाई,” ती म्हणाली. “म्हनून त तुमच्यावर सोडलं.”

ती खाली बसून हातानं माती ओढू लागली. मीही बसले, मूठभर माती उचलली. तिनं माझा हात बाजूला केला आणि तो रिकामा खड्डा एकटीनंच बुजवला.