चिंचेपाशी थांबलेला डीजे

नांदेडला आमच्या शेजारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहतात. गल्लीतल्या चिंचेखाली आल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

"हळू बोला ओ, ढोलीत घुबड हाय. घारीच्या मेंदूत डोळ्यांचा कारभार मोठा, याच्या मेंदूत कानांचा. अंधारात नुसत्या खुडबुडीवर उंदीर धरतंय."

मला हे जरा अतीच वाटायचं.

स्वतःच्या मुलाच्या वरातीतही त्यांनी चिंचेपाशी डीजे बंद करायला लावला. विहीणबाई भडकल्या, "शुभकार्यात घुबडाचे लाड?"

"पुढं वाजवा की, लई वाजवा. हितं न्हाई."

वरात मुकाट चालू लागली. वर ढोलीत पिल्लं फुसफुसत होती. इतकी वर्षं त्याच चिंचेखालून जातोय मी, आणि ती फुसफुस मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.